अंधारातली खरखर

विष्णुपुरीच्या धरणातलं गोदावरीचं पाणी नांदेडमध्ये घरोघरी पोहोचतं आणि पुष्कळ घरांत ते फिल्टरमधल्या अतिनील दिव्यापुढून जाऊन पेल्यात येतं. निळसर उजेड दिसला की आपण निर्धास्त होतो. पण जंतू मारणारे किरण 254 नॅनोमीटरचे. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. दिवा जुना झाला किंवा त्याच्या नळीवर क्षार चढले की हे किरण घटतात, निळा उजेड मात्र दिसत राहतो. म्हणून हे किरण मोजणारा शोधक हवा, आणि तो सामान्य घराला परवडणारा हवा. मलमात वापरतात ते झिंक ऑक्साइड या कामाला फार चांगलं. साधारण 370 नॅनोमीटरहून आखूड लहरीच ते शोषतं, निळ्या उजेडाने फसत नाही. त्याची एक खोड आहे. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. अतिनील किरण पडले की ऑक्सिजन सुटतो आणि वीजप्रवाह वाढतो. किरण थांबल्यावर मात्र प्रवाह उतरायला कित्येकदा मिनिटं लागतात.

अशा शोधकात धातूचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, उपयोगी पडतात. ते जास्त प्रकाश पकडून देतात, असं सर्रास सांगितलं जातं. या दिव्यापुरतं ते मला पटत नाही. सोन्याचे बारीक कण 520 नॅनोमीटरच्या आसपास, चांदीचे 400च्या जवळ प्रकाशाला सर्वाधिक साथ देतात. दोन्ही 254 पासून लांब. खरा लाभ अंधारातला आहे. सोनं झिंक ऑक्साइडमधले मोकळे इलेक्ट्रॉन ओढून घेतं, कणाभोवतीचा भाग रिता होतो आणि किरण नसताना वाहणारा प्रवाह घटतो. रेडिओची खरखर कमी झाली की दूरचं केंद्रही स्पष्ट लागतं, तसा मग क्षीण किरणही ओळखू येतो.

सोनं परवडेल का, ही शंका रास्त आहे. हिशेब करून पाहा. एका चौरस सेंटीमीटरवर 5 नॅनोमीटर जाडीचा थर दिला आणि तापवला, की तो फुटून त्याचे कण होतात. त्याला सोनं लागतं सुमारे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये लाखभर शोधक. मग थोडं जास्त घातलं तर? कण एकमेकांना भिडतात, प्रवाहाला सोन्यातूनच वाट मिळते आणि अंधारातली खरखर परत येते. चांदी स्वस्त खरी, पण पैंजण हवेने काळं पडतं तसे तिचे कणही काळवंडतात. आणि जपायला वर साधी काच लावावी तर ती 254चे किरणच अडवते.