कॅरिबूच्या वाटेवरचं गाव
कॅनडाच्या युकॉन प्रदेशात ओल्ड क्रो नावाचं गाव आहे. बारमाही रस्ता नाही. जायचं तर बहुतेक विमानानंच. इथले ग्विचिन लोक पिढ्यानपिढ्या कॅरिबूवर, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरवर जगत आले आहेत. कळप पॉर्क्युपाइन नदी पोहून ओलांडतो, तेव्हा शिकार साधतात. मांसाच्या पातळ पट्ट्या धुरावर वाळवतात, पाठीच्या तंतूंचा दोरा वळतात, मेंदू चोळून कातडं मऊ करतात. कॅरिबूचे केस आतून पोकळ असतात, म्हणून ऊब किती!

या कळपातल्या माद्या वितात त्या मुख्यतः अलास्काच्या किनाऱ्यालगतच्या मैदानात. तेल कंपन्यांचा डोळा नेमका तिथंच. १९८८ साली ग्विचिन गावं एकत्र जमली आणि तिथं तेलविहिरी नकोत असं एकमुखानं ठरलं. ती मागणी आजही कायम आहे.