बोकडांची शिंगे काढावीत काय?

दुधाच्या सुरती शेळ्यांसमवेत मांसासाठी उस्मानाबादी बोकड पाळावयाचे, तर त्यांची शिंगे काढावीत काय, असा आपला प्रश्न आहे. धडकेने शेळी गाभडेल, कासेस इजा होईल, ही भीती रास्तच होय. परंतु वाढलेल्या शिंगात रक्तवाहिन्या असतात. त्याची पोकळी कपाळाच्या हाडापर्यंत जाते. ते कापणे जिवावर बेतू शकते. करडाच्या शिंगांचे कोंब पहिल्या एकदोन आठवड्यांत डागता येतात. मात्र कवटी पातळ असल्याने ते काम पशुवैद्यकाने, भूल देऊनच करावे. शिवाय बकरी ईदच्या बाजारात अभंग शिंगांच्या बोकडालाच गिऱ्हाईक. वर्षभरात विकावयाच्या जनावरासाठी हा खटाटोप कशाला? गोठ्यात कुडाची आडभिंत घाला, गव्हाणी वेगळ्या ठेवा. भांडणे बहुधा चाऱ्यापाशीच होतात.