आणखी एक वर्ष
(जळगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या विषयास ‘आधुनिक नोकरी-व्यवसाय आणि उत्कर्षाचा मार्ग’ असे भारदस्त नाव देण्यात आले आहे. माझ्यापुढे मात्र हा विषय एका साध्या प्रश्नाच्या रूपाने आला. चोपडा तालुक्यातील एक शेतकरी मध्यंतरी आमच्या माहिती कार्यालयात आले होते. त्यांचा मुलगा पदवीधर असून चार वर्षांपासून पुण्यास स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहे. कापसाचे पैसे हाती आले की त्यांतून प्रथम त्याचे खोलीभाडे आणि अभ्यासिकेचे शुल्क बाजूला पडते. पुढील जाहिरात केव्हा निघणार, याची चौकशी करण्यास ते आले होते. ती माहिती घेऊन ते उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, “साहेब, अजून एक वर्ष देऊ का त्याला?”

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, आणि वीस वर्षे शासनाचे वेतन घेणारा. सरकारी नोकरीचा नाद सोडा, असा उपदेश माझ्या तोंडी शोभणार नाही. खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याला दर महिन्याच्या पगाराचे मोल काय वाटते, हे ज्याने एक दुष्काळ पाहिला आहे त्यास सांगावयास नको. तथापि हिशेब हिशेबाच्या ठिकाणी मांडला पाहिजे. 2023 साली राज्यात तलाठ्यांची भरती झाली. पदे साडेचार हजारांच्या आसपास होती आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार. शिवाय 2016 मध्ये राज्य सेवेतील प्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे करण्यात आली. हा निर्णय उमेदवारांच्या हिताचाच होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की धाव कोठे थांबवावयाची हे नियम सांगत नाहीत. ते घरातच ठरवावे लागते. आणि घरची माणसे तो प्रश्न शिक्षकाला किंवा सरपंचाला विचारतात. म्हणून आज आपल्याशी बोलण्याचे प्रयोजन.

या ठिकाणी कोणीतरी साक्री तालुक्यातील सामोड्याच्या डॉ. राजेंद्र भारुड यांचे नाव घेईल, आणि ते योग्यच होईल. भिल्ल समाजातील हा मुलगा. वडील जन्मापूर्वीच गेलेले, आईने मोहाची दारू विकून घर चालवलेले. नवोदय विद्यालयातून तो पुढे मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि 2013 च्या तुकडीतून भारतीय प्रशासन सेवेत आला. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना महासाथीच्या काळात त्यांनी प्राणवायूच्या प्रकल्पांची जी तरतूद आधीच करून ठेवली, तिची वाखाणणी देशभर झाली. ही कथा आपण शाळाशाळांतून सांगतो. परंतु सांगताना एक गोष्ट बहुधा गाळतो. केंद्रीय परीक्षेला बसताना त्यांच्या हाती वैद्यकीय विद्या होती. परीक्षेत अपयश आले असते तरी हा तरुण डॉक्टर म्हणून उभा राहिला असता. रिकाम्या हाताने वाट पाहणे आणि हातात विद्या असताना प्रयत्न करणे, यांत फार अंतर आहे.

याच्या उलट दिशेचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन वाणिज्य व कायदा या शाखांचे पदवीधर. राज्य सेवेत त्यांची निवड झाली होती. ती नोकरी त्यांनी स्वीकारली नाही आणि 1963 साली घराण्याच्या बचतीतील सात हजार रुपयांवर रॉकेलची विक्री सुरू केली. राजपत्रित अधिकारी होऊ शकणारा मुलगा रॉकेल विकतो, हे त्या वेळी गावास कसे दिसले असेल, याची कल्पना करावी. रॉकेलनंतर बियाणे, खते, ट्रॅक्टर, नळ अशा वस्तूंच्या एजन्सी आल्या. म्हणजे पंधरा वर्षे हा माणूस शेतकऱ्याच्या दारात उभा होता. कोणत्या हंगामात शेतकऱ्याजवळ पैसा असतो, कोणती वस्तू मोडते, मोडल्यावर तो काय म्हणतो, हे त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकवले नसते. 1978 मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना त्यांनी तीस लाख रुपयांस घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास प्रारंभ केला. त्यानंतर प्लॅस्टिकचे नळ, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन. केळीच्या बागांतून आज ज्या काळ्या नळ्या दिसतात, त्यांचे मूळ त्या पंधरा वर्षांच्या विक्रीच्या कामात आहे, असे माझे मत आहे. पुढे नव्वदच्या दशकात कंपनी वित्तव्यवसायासारख्या परक्या क्षेत्रांत शिरली तेव्हा अडचणीत आली, आणि सावरली ती शेतीकडे परतूनच. यशाइतकीच ही बाजूही मुलांना सांगावी.

अर्थात प्रत्येकाने उद्योगपती व्हावे, असे मी म्हणत नाही. तसे कोणी होतही नाही. प्रश्न एवढाच की वाट पाहण्याच्या वर्षांत हाताला काय काम आहे.

येथे आपल्या सर्वांचा संबंध येतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 सालचा आहे. तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना, दीपनगरचे वीज केंद्र, जळगावच्या डाळमिल व चटईचे कारखाने, शिरपूरचे वस्त्रोद्योग अशी अनेक नावे आपल्या परिसरात घेता येतात. पण दहावी-बारावीच्या वर्गात या कायद्याविषयी एक तास बोलणारे किती शिक्षक आहेत? औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे नापासांची शाळा, हा समज आपणच पोसला आहे. मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच पक्का आहे.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांसाठी. त्यांत मी स्वतःही आलो. 2024 मध्ये राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. बारावी उत्तीर्णास दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत प्रारंभी सहा महिने व नंतर वाढवून अकरा. अनेक प्रशिक्षणार्थी आपल्याच कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत बसले. मुदत संपल्यावर त्यांनी कायम करण्याची मागणी केली. त्या मागणीवर मी भाष्य करणार नाही. पण त्या महिन्यांत आपण त्यांना काय शिकवले? टिपणी कशी लिहावी, आवक-जावक का ठेवतात, अंदाजपत्रक कसे वाचावे, आलेल्या नागरिकाशी कसे बोलावे, यांपैकी काही शिकवले असेल तर तो तरुण कोठेही उपयोगी पडेल. छायाप्रती काढण्यास आणि चहा सांगण्यास लावले असेल तर त्याची अकरा महिन्यांची वाट पाहणी आपण फक्त आपल्या कार्यालयात हलवली, इतकेच. माझ्या कार्यालयातही एक पदवीधर मुलगी होती. पहिले दोन महिने तिने वृत्तपत्रांची कात्रणे चिकटवली. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतः विचारले, “सर, बातमी मी लिहू का?” हा प्रश्न मी तिला विचारावयास हवा होता.

चोपड्याच्या त्या शेतकऱ्यास मी उत्तर दिले ते असे: वर्ष द्यावे, पण तारीख ठरवून, आणि त्या वर्षात मुलाने काम शिकावे, मग ते माती परीक्षणाचे असो, हिशेबाचे असो वा यंत्र दुरुस्तीचे. त्यांनी ऐकले, जाहिरातीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते गेले. उत्तर पटले की नाही, ते कळले नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला. मुलगा येती परीक्षा देऊन गावी परतणार आहे. जिल्ह्यातील कोणकोणत्या कारखान्यांत पदवीधरांस शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात, याची यादी त्यांना हवी आहे. मी ती जमवीत आहे. आपल्या गावातील, आपल्या माहितीतील नावे आज सभा संपल्यावर मला द्यावीत, अशी विनंती आहे. मागच्या टेबलावर कागद ठेवला आहे.