कलकत्त्यास बिऱ्हाड करताना

बदलीचा हुकूम हाती पडला आणि त्यावर कलकत्त्याचे नाव असले, की मराठी घरात प्रथम चर्चा होते ती पगाराची, मग हवेची आणि मग माशांची. राहावयाच्या जागेचा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि ‘मिळेल तेथे काहीतरी’ म्हणून लगेच मिटविलाही जातो. वास्तविक परमुलखात गेलेल्या माणसाचे सुखदुःख या एका निवडीवर जितके अवलंबून असते, तितके दुसऱ्या कशावरही नसते. कचेरी कोणती, वरिष्ठ कोण, काम किती, हे दुसरे लोक ठरवितात. बिऱ्हाड कोठे थाटावे हे मात्र आपल्या हाती असते. चांगली नोकरी असूनही कित्येक कुटुंबे वर्षाच्या आत परत फिरतात. त्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर मूळ दुखणे पुष्कळदा चुकीच्या जागी घेतलेल्या घराचे असते.

या शहराचे सरकारी नाव २००१ सालापासून कोलकाता असे झाले आहे. मराठी बोलण्यात कलकत्ता हेच नाव रुळलेले आहे, म्हणून येथे तेच वापरतो. आपण निघतो ते मनात पुण्या-मुंबईचे माप घेऊन. डेक्कनवर काय भाडे पडते, दादरला खोली केवढी मिळते, याच हिशेबाने आपण पाहू लागतो. ही मापे येथे उपयोगी पडत नाहीत. अगदी मजले मोजण्यापासून फरक आहे. बंगाली माणूस ‘दोतला’ म्हणतो, तेव्हा तो ज्याला आपण पहिला मजला म्हणतो त्याविषयी बोलत असतो. ‘एकतला’ म्हणजे तळमजला. कलकत्त्यातील घर पाहताना चार गोष्टी पारखाव्यात : पाणी, वारा, वाट आणि शेजार.

पहिली गोष्ट पाण्याची. आणि ती नळाच्या पाण्याइतकीच पावसाच्या पाण्याची. हुगळीच्या काठी वसलेल्या या शहराचे पाणी नदीकडे वाहत असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नदीचा काठ उंच आहे आणि शहराचा उतार पूर्वेकडे, दलदलीच्या बाजूस आहे. त्यामुळे पावसाचे पाणी उपसून पूर्वेच्या कालव्यांत सोडावे लागते. नदीला भरती असली म्हणजे तिच्याकडील झडपा बंद ठेवाव्या लागतात आणि पाणी तुंबून राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका दिवसात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा रस्त्यांवर गुडघ्याच्या वर पाणी होते आणि त्या पाण्यात विजेचा धक्का बसून माणसे दगावली. म्हणून तळमजल्यावरील जागा स्वस्त मिळते याचा आनंद मानण्यापूर्वी भिंतीच्या पायथ्याशी ओलीची रेघ आहे का ते पाहावे. विजेचा मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही पाहावे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावे, की गेल्या पावसात पाणी कोठवर आले होते. घरमालक एखादे वेळी उत्तर टाळील. दुकानदार हात करून उंची दाखवील. ठनठनियासारख्या उत्तरेकडील जुन्या भागात हा प्रश्न विचारल्यावाचून जागा घेऊ नये. नळाचे पाणी महापालिकेचे की कूपनलिकेचे, हेही विचारावे. कूपनलिकेच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लोहाचा अंश असतो. घरातील पांढऱ्या कपड्यांवर तो लवकर दिसू लागतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. येथे मराठी माणसाची मोठी परीक्षा होते. दक्षिणमुखी दार म्हटले की आपल्याकडे वडीलधारी मंडळी मान हलवितात. कलकत्त्यात नेमके उलट आहे. ‘दोक्खिन खोला’, म्हणजे दक्षिणेकडून मोकळे, असे ज्या घराचे वर्णन करता येते त्याला जास्त भाडे पडते. कारण उघड आहे. बंगालचा उपसागर दक्षिणेस आहे. चैत्र-वैशाखात दिवसभर घामाने भिजलेल्या शहराला संध्याकाळी जो काही दिलासा मिळतो, तो त्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याचा. दिशेचा शुभाशुभ विचार प्रत्येक मुलखाच्या हवेतून कसा निपजतो, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने मे महिन्यात दक्षिण बंद असलेल्या खोलीत एक रात्र काढावी. घरच्या वडिलांना पटवावयाचे झाले, तर वाद न घालता त्यांना त्याच दक्षिणेच्या खिडकीशी खुर्ची द्यावी. सर्वांत वरचा मजला मात्र विचार करून घ्यावा. तापलेले छत रात्री बराच वेळ निवत नाही.

तिसरी गोष्ट वाटेची. या बाबतीत जुने सल्ले आता बदलले आहेत. भारतातील पहिली भुयारी रेल्वे ऑक्टोबर १९८४ मध्ये याच शहरात धावली. मार्च २०२४ मध्ये ती हुगळीच्या पात्राखालून जाऊ लागली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हावड्यापासून सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हपर्यंतचा मार्ग अखंड झाला. सॉल्ट लेक, म्हणजे बिधाननगर, हा भाग १९६२ नंतर हुगळीतील गाळ आणून खाऱ्या दलदलीवर भर घालून वसविलेला आहे. माहितीतंत्राच्या बहुतेक कचेऱ्या तेथे किंवा त्याच्या पलीकडील न्यू टाउनमध्ये आहेत. कचेरीशेजारीच राहावे म्हणून नवा माणूस तेथेच जागा शोधतो. परंतु आता हाजरा किंवा कालीघाट येथे राहूनही एस्प्लनेडला एकदा गाडी बदलून सेक्टर फाइव्ह गाठता येते. येथील ऑटोरिक्षाही ठराविक मार्गावर, वाटून घेतलेल्या बैठकीने चालतात. त्यांचा मार्ग आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे की नाही याला फार महत्त्व आहे. अंतर किलोमीटरांत न मोजता कितीदा चढावे-उतरावे लागते यात मोजावे.

आता चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट, शेजाराची. नव्या माणसाची पहिली ओढ साहजिकच आपल्या माणसांकडे असते. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. गणपती, नाटक, दिवाळीचा फराळ, अडीअडचणीला मराठी बोलणारे माणूस, हे सारे परमुलखात मोलाचे आहे. पण त्याच्या सावलीतच राहिले पाहिजे असे नाही. सणाला अर्धा तास प्रवास करता येतो; रोजचे जगणे मात्र जिन्यावर भेटणाऱ्या माणसांत होते.

बंगालीत वस्तीला पाडा म्हणतात. शब्द आपलाच आहे, पण तेथे त्याला वेगळे वजन आहे. पाड्याचा क्लब असतो, पाड्याची दुर्गापूजा असते, तिची वर्गणी असते. घरापुढच्या ‘रोक’ नावाच्या ओट्यावर संध्याकाळचा अड्डा असतो. जो वर्गणी देतो, पूजेला उभा राहतो आणि मोडकीतोडकी बंगाली बोलतो, त्याच्या घरी रात्री कोणी आजारी पडले तर चार माणसे धावून येतात. बंद फाटकांच्या नव्या संकुलात पाणी, लिफ्ट, पहारेकरी सारे मिळते. हे सहसा मिळत नाही. तरुण जोडप्याला त्याची उणीव भासणार नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे किंवा लहान मुले आहेत त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

शेजारी मराठी माणसाला थट्टेने ‘बर्गी’ म्हणाला, तर रागावू नये. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ साली या शहराभोवती खंदक खणावयास सुरुवात झाली होती. तो पुढे बुजविला गेला आणि त्यावरून सर्क्युलर रोड निघाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. बंगाली अंगाईगीतांतून ती भीती पिढ्यान्‌पिढ्या उतरली. त्या खंदकाच्या आत भाड्याने राहावयास जाणाऱ्याने इतिहासाचे एवढे कर्ज हसून मान्य करावे.

आणखी एक प्रश्न मनाला विचारावयाचा आहे. घर देताना मालक आडनाव विचारतात, आहार विचारतात, धर्म विचारतात, एकटी राहणारी स्त्री असली तर तिच्या येण्याजाण्याच्या वेळाही विचारतात. काही इमारतींत मासे शिजविण्यास बंदी असते, तर काही पाड्यांत माशांचा वास सहन न होणारा भाडेकरू कोणाला नको असतो. या अटी आपल्या सोयीच्या पडल्या, की आपण त्यांकडे काणाडोळा करतो. पण दुसऱ्याला केवळ नावामुळे नाकारणारे दार आज आपल्यासाठी उघडले, तरी उद्या तेच दार आपल्या पाहुण्यावर बंद होऊ शकते, हे ध्यानात असावे.

बिऱ्हाड हेतूने निवडावे याचे एक सुंदर उदाहरण उलट दिशेचे आहे. १८७८ साली तरुण रवींद्रनाथांना विलायतेस जावयाचे होते. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ यांनी त्यांना मुंबईस, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या घरी काही काळ ठेवले. कारण तेथे इंग्रजी बोलण्याचा सराव होणार होता. भाऊ काय शिकणार हे पाहून त्यांनी घर निवडले. आपल्या बाजूने पाहावे तर देवघरजवळ वाढलेले सखाराम गणेश देउस्कर बंगालीशी इतके एकरूप झाले, की १९०४ साली त्यांनी लिहिलेले ‘देशेर कथा’ बंगालभर वाचले गेले.

तेव्हा करावे ते असे. दूरवरून छायाचित्रे पाहून वर्षाचा करार करू नये. कॉलेज स्ट्रीटच्या आसपास एकेकाळी ‘मेस’ होत्या. ब्योमकेश बक्षी वाचकाला प्रथम भेटतो तो अशाच एका मेसमध्ये. त्याचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय पुढे पुण्यास स्थायिक झाले. आता त्या मेस थोड्या उरल्या आहेत, पण पेइंग गेस्ट म्हणून खोली मिळते. महिनाभर तशा खोलीत काढावा. मनात भरलेला पाडा सकाळी बाजाराच्या वेळी, संध्याकाळी अड्ड्याच्या वेळी आणि एकदा तरी जोराच्या पावसात पाहावा. अनामत किती, ती परत केव्हा, दुरुस्ती कोणाकडे, हे कागदावर लिहून घ्यावे. दलालाचे शुल्कही आधीच ठरवावे. मग सही करावी आणि पहिल्याच आठवड्यात ‘आपनि केमोन आछेन’ एवढे बंगाली शिकून शेजारच्या दारावर थाप मारावी.