भावनेस शब्द न सांपडणें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवांत आनंदाच्या गोष्टी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हीं जाणूनबुजून एक अवघड विषय घेतला आहे. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा रोग जगांत साधारणपणें ३०० माणसांत एकास असतो. तेव्हां आपल्या धर्मग्रामांतहि अशीं घरें असावयाचींच. त्या घरांतील दुःखाचा एकच भाग आज सांगावयाचा आहे. तो हा, कीं पुष्कळ रोग्यांस आपल्या मनांत काय चाललें आहे हें नीट ओळखतां येत नाहीं, आणि ओळखलें तरी तें सांगतां येत नाहीं.

बोस्टन येथील मनोवैद्य पीटर सिफ्निओस यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत या अवस्थेस 'अलेक्सिथायमिया' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'भावनेस शब्द नसणें' असा होतो. हा कांहीं स्वतंत्र रोग नव्हे. धडधाकट माणसांतहि ती कमीअधिक असते. छिन्नमनस्कतेंत मात्र ती अधिक आढळते. तिचें मोजमाप करण्याकरितां २० वाक्यांची एक पट्टी १९९४ साली टोरांटो येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केली. गंमत अशी कीं, ज्यास स्वतःचें मन उमगत नाहीं, त्यासच तींत आपल्या मनाविषयीं विचारावें लागतें!

आतां घरांत काय होतें तें पाहा. आईचें शव पुढें आहे, सर्वजण रडत आहेत, आणि आजारी मुलगा कोरड्या डोळ्यांनीं विचारतो, "जेवण केव्हां?" शेजारी म्हणतात, "दगड आहे मेला." भाऊबहिणींचें मन तेव्हांपासून जें विटतें, तें विटतेंच. आम्हांस हा निवाडा अन्यायाचा वाटतो. क्रिंग व नील या अमेरिकन संशोधकांनीं १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रोग्यांस भावना जागविणारीं चलच्चित्रें दाखविलीं. त्यांचे चेहरे इतरांपेक्षां कमी हालले. पण भावना मात्र त्यांनीं इतरांहून कमी सांगितल्या नाहींत. वाटणें, दिसणें आणि सांगणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय या रोगावरील कांहीं औषधांनींहि चेहरा ताठरतो. (म्हणून औषध आपल्या मतानें बंद करूं नये, डॉक्टरांस सांगावें.)

भावनेस शब्द मिळाला नाहीं म्हणजे ती पुष्कळदां शरीराच्या वाटेनें बाहेर पडते. रोगी म्हणतो, "पोटांत कसेंसेंच होतें, छाती जड आहे." आपली मराठीहि असेंच बोलते: भीतीनें हातपाय गळतात, दुःखानें घसा दाटतो. परंतु आपणांस त्यामागील भय किंवा दुःख ठाऊक असतें. त्यास तें वेगळें काढतां येत नाहीं. डॉक्टरांनीं "कसें वाटतें?" म्हणून विचारलें, कीं "बरें आहे" एवढेंच उत्तर येतें, आणि आंत वाढणारें भय कोणास कळतच नाहीं. यांतच खरा धोका आहे. याकरितां घरच्यांनीं झोप, जेवण व बोलणें यांत पडलेला फरक डॉक्टरांच्या कानीं घालावा. रोग्यास "काल रात्रीं काय झालें?" असें नेमकें विचारावें, "भीति वाटली, कीं राग आला, कीं एकटें वाटलें?" असे दोनतीन शब्द पुढें ठेवावे, आणि वाट पाहावी. उत्तर त्याच्या तोंडांत घालूं नये.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत, बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसास प्रभु गर्दींतून एकीकडे घेऊन जातो. चारचौघांत त्याची परीक्षा घेत नाहीं. पापनिवेदनास आलेल्या अशा रोग्याशींहि धर्मगुरूंनीं असाच धीर धरावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्याच्या कोरड्या स्वरावरून त्यास पश्चात्ताप नाहीं असें समजूं नये.

बेल्जममधील गील गांवीं संत डिम्फ्नाच्या भक्तीमुळें मध्ययुगापासून मनोरुग्ण येऊं लागले, आणि तेथील कुटुंबांनीं त्यांस आपल्या घरांत ठेवून घेतलें. ते एकाच ताटव्याला जेवत, शेतांत कामें करीत. एकत्र राहिलेल्या माणसास दुसऱ्याची मुकी बेचैनीहि ओळखतां येऊं लागते. एका भेटींत तें साधत नाहीं. आपल्या मंडळांनीं घरभेटी घ्याव्या त्या याच रीतीनें, पुनःपुन्हां आणि घाई न करितां. सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनिसेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. तो क्रमांक देवळाच्या दाराशीं लावावा, अशी व्यवस्थापक मंडळास आमची विनंती आहे.