बर्फाळ मुलखांतील फुलझाडें

होळीच्या सुमारास विसरवाडीच्या रानांत पळस फुलतो, तेव्हांच कुमाऊं-गढवालच्या उतारांवर बुरांश लाल होऊं लागतो. बुरांश म्हणजेच ऱ्होडोडेंड्रॉन. नेपाळचें राष्ट्रीय पुष्प लालीगुरांस तें हेंच. निलगिरीच्या माथ्यावरहि त्याची एक उपजाति आहे. जोसेफ हूकर यांनीं १८४८ नंतर सिक्कीमांतून अनेक जातींचें बीं क्यूच्या बागेंत धाडलें, आणि इंग्रजी उद्यानांचा रंग पालटला. अझेलिया ही याच कुळांतील धाकटी बहीण. लिनियसनें १७५३ मध्यें दोघींस निराळें मानलें होतें. हल्लीं त्यांची गणना एकाच वंशांत होते.

हिमालयाच्या यात्रेस गेलेलीं कुटुंबें कधीं एखादें रोप हौसेनें घरीं आणतात. तें लौकरच वाळतें आणि दोष उन्हाला दिला जातो. ऊन निर्दोष नाहीं, हें खरें. पण दुसरा वैरी जमिनींत दडलेला असतो, तो चुना. खानदेशच्या काळ्या मातींत चुनखडीचे खडे सांपडतात, विहिरीचें पाणीहि बहुधा जड असतें. या झाडास आंबट माती हवी. चुना असला कीं मुळांना लोह घेतां येत नाहीं, शिरा हिरव्या राहून पान पिवळें पडतें. मग शेणखताच्या पाट्या रिचवून काय उपयोग?

थंड मुलखांत स्थायिक झालेल्या मराठी घरांची अडचण निराळी आहे. झाडाचीं मुळें केसांसारखीं बारीक व उथळ असतात. म्हणून खड्डा खोल न खणतां रुंद खणावा, आणि बुंध्याभोंवतीं खुरपें चालवूं नये. चार बोटें पाचोळा पसरावा. बर्फाचें फार भय नको, तो पांघरुणासारखा राखतो. मारक ठरतो तो कोरडा वारा : गोठलेल्या जमिनींतून पाणी मिळत नाहीं, आणि सदापर्णी पानांतून तें उडतच राहतें. म्हणून हिंवाळ्यापूर्वीं भरपूर पाणी द्यावें. कडाक्याच्या थंडींत पानें सुरळीसारखीं वळतात. तेवढ्यावरून झाड मेलें असें समजून कित्येक जण तें उपटतात! वस्तुतः तो झाडाचा बचाव असतो. छाटणी करावयाची ती फुलें गळतांच. उशीर झाल्यास पुढील वर्षाच्या कळ्याच कापल्या जातात.

विसरवाडीस ज्यांना हौस आवरत नसेल त्यांनीं अझेलिया कुंडींत लावावी. कुजलेल्या पानांची माती, सांठविलेलें पावसाचें पाणी आणि दुपारची सावली द्यावी. तरीहि ती वैशाख काढील याची हमी नाहीं. कुंडी मात्र शेळीच्या तोंडापासून दूर असावी, कारण दोन्ही झाडांचीं पानें गुरांस विषारी असतात.