सी आणि पायथन : यंत्राशीं बोलण्याच्या दोन रीती

मुंबई विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत वरळीस ज्या १२१ चाळी उभारल्या, त्या बीडीडी चाळी या नांवानें सर्वांस परिचित आहेत. तळमजला व त्यावर तीन मजले, आणि कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली, अशी त्यांची रचना. २०२५ च्या ऑगस्टमध्यें पुनर्विकासांतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परंतु घर वाढलें म्हणून घरची प्राप्ति वाढतेच असें नाहीं. मुलानें संगणकाचें शिक्षण घ्यावयाचें, तर कोणत्या भाषेपासून प्रारंभ करावा, हा प्रश्न अशा घरांत केवळ हौसेचा नसतो. शिकवणीचे पैसे पुन्हां पुन्हां भरतां येत नाहींत, आणि वायां गेलेलें वर्ष परत येत नाहीं. सी आणि पायथन या दोन लोकप्रिय भाषांची तुलना या दृष्टीनें करणें उपयुक्त होईल.

सी ही वयानें वडील. डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ती घडविली. ग्विडो व्हान रॉसम यांनीं पायथनचें काम १९८९ च्या डिसेंबरांत ॲम्स्टरडॅम येथें आरंभिलें व १९९१ मध्यें ती प्रसिद्ध केली. तिच्या नांवाचा अजगराशीं संबंध नाहीं. माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीवरून तें घेतलेलें आहे.

प्रथम व्याकरण पाहूं. सीमध्यें प्रत्येक नांव वापरण्यापूर्वीं तें पूर्णांकाचें कीं अपूर्णांकाचें, हें जाहीर करावें लागतें. प्रत्येक विधान अर्धविरामानें संपतें, आणि विधानांचा गट महिरपी कंसांत बांधावा लागतो. पायथनला अशी आगाऊ घोषणा नको. ओळ संपली कीं विधान संपलें, आणि गट ओळखावयाचा तो ओळीच्या आरंभीं सोडलेल्या जागेवरून. शाळेंत समास सोडण्याचा आग्रह सुवाच्यतेसाठीं असतो. पायथनमध्यें तो व्याकरणाचाच नियम आहे. पडद्यावर 'नमस्कार' एवढेंच उमटवावयाचें, तर पायथनमध्यें एक ओळ पुरते. सीमध्यें तिच्याभोंवतीं बरीच सामग्री मांडावी लागते.

दोन्हीं भाषांत यादींतील मोजणी शून्यापासून होते. तळमजल्याच्या वरच्या मजल्यास पहिला म्हणणाऱ्या चाळकऱ्यास यांत नवल वाटूं नये. समजा, ऐंशीं खोल्यांचें भाडें एका यादींत मांडलें. त्यांचे क्रमांक शून्यापासून एकोणऐंशींपर्यंत झाले. आतां चुकून ऐंशीं क्रमांकाची खोली मागितली, तर पायथन तेथेंच थांबते व क्रमांक यादीबाहेरचा असल्याचें सांगते. सी अशी तपासणी करीत नाहीं. शेजारच्या स्मरणजागेंत जें कांहीं पडलें असेल, तेंच ती कदाचित् भाडें म्हणून पुढें करील, किंवा कार्यक्रम कोसळेल. काय होईल, याची कोणतीच हमी भाषेचें प्रमाण देत नाहीं. चूक दिसली नाहीं म्हणजे ती झाली नाहीं असें नव्हे, हा धडा यांत आहे.

भागाकाराचेंहि तसेंच. सात रुपये दोघां भावांत वांटावयाचे, तर सीचा पूर्णांकी भागाकार प्रत्येकास तीन देतो, आणि उरलेल्या रुपयाची वाच्यता करीत नाहीं. सध्यांची पायथन साडेतीन सांगते. तीनच हवे असल्यास भागाकाराचें चिन्ह दोनदां लिहावें लागतें. सामान्य यंत्रांवर सीचा साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पर्यंत पोंचतो. पायथनचा पूर्णांक स्मरणजागा असेल तोंवर वाढतो.

मग सी अद्यापि टिकली कां? वेगामुळें, आणि यंत्रावरील ताब्यामुळें. सीमध्यें लिहिलेलें सर्व आधींच यंत्राच्या भाषेंत उतरविलें जातें. पायथनचें बहुधा एक मध्यस्थ दुभाषी चालवीत असतो. म्हणून लांबलचक आंकडेमोडींत पायथन पुष्कळ मागें पडते. सीमध्यें मागून घेतलेली स्मरणजागा लिहिणाऱ्यानेंच परत करावयाची असते. पायथन ती आपण होऊन आवरते. एकीचा हिशेब हातांत राहतो, दुसरीचा श्रम वांचतो.

मराठी घरांस एक गोष्ट विशेष वाटेल. २००८ मध्यें आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'भाडे' असें देवनागरी नांव कार्यक्रमांत देतां येतें. वापरणाऱ्यानें '१२३' असे मराठी आंकडे टंकिले, तरी ती त्यांची संख्या करूं शकते. 'इफ', 'फॉर' हे मूळ शब्द मात्र इंग्रजीच राहतात. तेवढे थोडे शब्द पाठ करणें अवघड नाहीं. पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत संगणकाच्या अनेक विषयांचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात.

या दोघींत वैर मात्र नाहीं. पायथनचा सर्वाधिक प्रचारांतला दुभाषी स्वतः सीमध्यें लिहिलेला आहे. म्हणून ज्यास थोड्या अवधींत कांहीं करून पाहावयाचें आहे, त्यानें पायथनपासून आरंभ करावा. यंत्राच्या पोटांत काय चालतें, हें समजून घ्यावयाचें असल्यास पुढें सी शिकावी. महाविद्यालयानें प्रथम सी नेमली असेल, तर ते श्रम वायां गेले असें समजूं नये. दोन्हीं भाषांचीं साधनें विनामूल्य मिळतात, आणि आरंभाच्या अभ्यासास जुना संगणकहि पुरतो. पालकांनीं शुल्क भरण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, कीं शिकविणारा मुलाची चूक स्वतः दुरुस्त करून देतो, कीं ती त्याची त्याला शोधावयास लावतो. भाषा कोणतीहि असो, पैसे सार्थकीं लागतील ते दुसऱ्याच्याच हातून.